‘चेसिस: उघडल्यावर पाहणे’ – टोटल लॉस ठरलेली मोटरसायकल परत घ्यायची का?

गाडी पाच वर्षांची. साडेसहाशे सीसीच्या आसपासचं दोन सिलिंडरचं इंजिन, पोलादी पाइपांची चेसिस, अलॉय व्हील, एबीएस, पुढे अर्धं फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचं आवरण. समोरून येणारी कार अचानक आडवी वळली. मालकाने दोन्ही ब्रेक दाबले, वेग बराच उतरला, पण पुरता नाही. पुढचं चाक कारच्या मागच्या दाराखाली आदळलं, गाडी उजवीकडे पडली आणि थोडी घसरत गेली. मालकाच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. बाकीचं हेल्मेट आणि जॅकेटने सांभाळलं. दोष कोणाचा हा वाद इथे नको. क्लेम त्याच्या स्वतःच्या पॉलिसीवर झाला आणि प्रश्न उरला तो गाडीचा.

रकमा कुठल्याच चलनात न सांगता प्रमाणात सांगतो, म्हणजे हिशेब कोणालाही आपल्या गाडीला लावून पाहता येईल. अपघाताआधी गाडीची किंमत १०० धरू. बाजारातही तशी गाडी साधारण तेवढ्यालाच मिळत होती. अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ९२. विमा कंपनीने गाडी टोटल लॉस ठरवली आणि मालकासमोर दोन पर्याय ठेवले: गाडी सोडून द्या आणि ९६ घ्या (४ पॉलिसीतल्या सक्तीच्या कपातीचे), किंवा ७४ घ्या आणि गाडी ठेवून घ्या. मोडक्या गाडीला लिलावात २२ ची बोली आली होती, तोच हा फरक. म्हणजे मालकाला आपली गाडी २२ ला विकत मिळत होती.

टोटल लॉस या शब्दाला लोक उगाच घाबरतात किंवा उगाच हसतात. तो मुळात हिशेबाचा निकाल असतो, गाडीच्या तब्येतीचा दाखला नव्हे. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या एका ठरावीक भागापुढे गेला की गाडी त्या रकान्यात जाते. भारतात ही रेषा विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर आहे. इतरत्र ती वर-खाली असते. ब्रिटनमध्ये २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग पाडतात. त्यातले ए आणि बी रस्त्यावर परत येऊच शकत नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला इजा, एन म्हणजे सांगाडा सोडून इतर इजा. मला ही शेवटची विभागणी फार शहाणपणाची वाटते, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. पार्किंगमध्ये उभी गाडी आडवी झाली, दोन्ही फेअरिंग, टाकी, सायलेन्सर, हेडलाइट गेले, तर नव्या पार्टच्या भावात ती सहज टोटल लॉस होते, आणि तरीही रस्त्यावर धावायला ती ठणठणीत असू शकते. याउलट समोरून धडकलेली गाडी वरून फारशी खरचटलेली नसते आणि आतून संपलेली असते.

आमच्या मालकाचं म्हणणं पहिल्या प्रकारचं होतं. “अरे, सगळं प्लास्टिकच आहे. कंपनीच्या भावाने लावलं म्हणून ९२ झालेत.”

त्याचं अगदीच चूक नव्हतं. एस्टिमेटमध्ये फेअरिंग, हेडलाइट आणि मीटर मिळून ३१ होते. पुढचे शॉकअप टी-सकट (टी म्हणजे शॉकअप धरून ठेवणारा, हँडलबरोबर वळणारा जोड) १८, पुढचं चाक ९, डिस्क आणि कॅलिपर ५, रेडिएटर ६, टाकी ८, मजुरी ९, किरकोळ ६. त्याने आपली यादी केली: जुने चांगले शॉकअप ७, जुनं चाक ४, नवी डिस्क २, रेडिएटर ३, फेअरिंग काढून टाकून साधा गोल हेडलाइट ५, टाकीचा पोचा तसाच ठेवून रंग २, जुनं मीटर ४, सील-बेअरिंग-ऑइल-ब्रेकचे पाइप-लिव्हर ५. बेरीज ३२. मजुरी शून्य, कारण काम तो स्वतः करणार. २२ आणि ३२ मिळून ५४. चोपन्नमध्ये शंभरची गाडी, असं त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाजात लॉटरी लागल्याचा सूर होता.

मी एस्टिमेटचा कागद मागवून घेतला. शेवटून तिसरी ओळ होती: ‘चेसिस: उघडल्यावर पाहणे’. रकमेच्या रकान्यात एक आडवी रेघ. वर्कशॉपला दोष देता येत नाही. ९२ ला पोहोचल्यावर गाडी जाणारच आहे हे त्यांना कळत होतं, मग सांगाडा मोजण्यात वेळ कोण घालवणार? पण ज्याला गाडी परत घ्यायची आहे त्याच्यासाठी अख्ख्या कागदावर हीच एक ओळ महत्त्वाची होती. बाकी सगळ्या ओळींना स्वस्त पर्याय सापडतो. हिला सापडत नाही.

विमा कंपनीकडून यार्डात जाऊन पाहण्याची परवानगी मिळाली, हत्यार न लावण्याच्या अटीवर. हे बहुतेक ठिकाणी मिळतं, फक्त मागावं लागतं. बरोबर टेप, टॉर्च, छोटा आरसा, पातळ दोरी, आणि त्याच मॉडेलची धडधाकट गाडी असलेल्या एका ओळखीच्याकडून आधीच घेतलेली मापं.

पहिली गोष्ट डोळ्यांनीच दिसली. पुढचं चाक रेडिएटरला चिकटलं होतं आणि शॉकअपच्या नळ्या खालच्या टीच्या लगेच खाली मागे वाकल्या होत्या. समोरच्या धडकेत नळ्या बहुधा तिथेच वाकतात, कारण टीची पकड संपते तिथे सगळा ताण एकवटतो. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १४१० मिलिमीटर हवं, ते दोन्ही बाजूंनी चार सेंटिमीटरच्या आसपास कमी भरलं. हे ऐकून मालक खूश झाला: “म्हणजे सगळा मार शॉकअपने खाल्ला!” होऊ शकतं. शॉकअपच्या नळ्या वाकल्या की त्या धडकेची बरीच ताकद गिळतात आणि चेसिस वाचते, असं कित्येकदा घडतं. पण कमी झालेल्या चार सेंटिमीटरमधले किती नळ्यांचे आणि किती चेसिसचे, हे या मापावरून कळत नाही. मागच्या चाकाभोवती दोरी गुंडाळून पुढे आणायची आणि पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखी फट आहे का ते पाहायचं, हा नेहमीचा प्रयोगही पुढचं वाकडं असताना अर्धाच उपयोगी. मागचं चाक आणि चिमटा, म्हणजे ते चाक धरणारा हलता भाग, सरळ आहेत एवढं त्यावरून समजलं.

मग स्टेअरिंगचे स्टॉपर पाहिले. हँडल पूर्ण वळलं की टीवरची गाठ चेसिसवरच्या गाठीला टेकते, ती जागा. धडकेत हँडल जोराने एका बाजूला फेकलं गेलं तर ही गाठ चेपते, फाटते किंवा चेसिसमध्ये खोबण पाडते. हेडपाइपला, म्हणजे चेसिसच्या पुढच्या टोकाच्या ज्या नळीत स्टेअरिंग फिरतं तिला, पीळ बसल्याची ती सर्वांत बोलकी खूण. इथे दोन्ही स्टॉपर शाबूत होते. चांगली बातमी.

त्यानंतर टॉर्च आणि आरसा. हेडपाइपला जिथे पाइप येऊन मिळतात तिथल्या वेल्डिंगवरचा रंग बघायचा. पोलाद ताणलं किंवा चेपलं गेलं की रंग त्याच्याबरोबर ताणला जात नाही; त्याला केसासारख्या भेगा जातात, कधी खवला उडतो, आणि पावसाळी हवेत चार दिवसांत त्या भेगेत गंजाची तांबूस रेघ उमटते. वरच्या पाइपांवर काही नव्हतं. खालच्या दोन पाइपांवर, वेल्डपासून साधारण दोन बोटांवर, आडव्या बारीक भेगा होत्या. नखाने चाचपलं तर लागत होत्या. पण ते पाच वर्षांचं जुनं रंगकामही असू शकतं. अशा खुणेवर दावा ठोकून बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. ती फक्त पुढचं माप कुठे घ्यायचं ते सांगते.

ते माप असं. चिमटा ज्या बोल्टवर फिरतो त्याच्या मध्यापासून हेडपाइपच्या वरच्या तोंडापर्यंत एक अंतर, आणि खालच्या तोंडापर्यंत दुसरं. डावीकडून आणि उजवीकडून. नंतर त्याच जागांची मापं धडधाकट गाडीच्या मापांशी ताडायची. समोरून मार बसला की चाक आणि शॉकअप हेडपाइपचं खालचं टोक मागे रेटतात आणि वरचं टोक पुढे जाऊ पाहतं. आमच्याकडे डावं-उजवं सारखं भरलं, वरचं अंतर धडधाकट गाडीशी जुळलं, आणि खालचं चार मिलिमीटरने कमी आलं. पुन्हा मोजलं, हात बदलून मोजलं. चारच.

चार मिलिमीटर म्हणजे काय, हे मालकाला पटायला वेळ लागला, आणि तो लागणं साहजिक आहे. हेडपाइप साधारण १८० मिलिमीटर लांब. खालचं टोक चारने मागे गेलं तर स्टेअरिंगचा कोन सव्वा अंशाने उभा होतो. या जातीच्या गाडीचा कोन २४.५ अंशांच्या आसपास आणि ट्रेल १०० मिलिमीटरच्या जवळपास असतो. ट्रेल म्हणजे स्टेअरिंगची रेषा जमिनीला जिथे टेकेल ती जागा आणि टायर जिथे टेकतो ती जागा यांतलं अंतर. वेगात चाक आपोआप सरळ राहतं त्यात या अंतराचा मोठा वाटा असतो. कोन सव्वा अंशाने उभा झाला की ट्रेल ९२-९३ वर येतो. अशी गाडी पडत नाही, गल्लीत तर ती उलट हलकी आणि चपळ वाटते. पण मोकळ्या रस्त्यावर, मागे माणूस आणि सामान असताना, एखाद्या खड्ड्यानंतर हँडल थरथरू लागलं तर ते थांबायला हवं तिथे थांबत नाही. कोणी म्हणेल, आठ मिलिमीटर कमी ट्रेलच्या गाड्या कंपन्या बनवतातच की. बनवतात, पण त्या आकड्याभोवती बाकीची गाडी बेतून बनवतात. त्यांचे पाइप वाकून तिथे पोहोचलेले नसतात.

अर्थात टेपने घेतलेल्या मापात एक-दोन मिलिमीटरची चूक सहज होते, आणि दोन गाड्या कारखान्यातूनही हुबेहूब निघत नाहीत. म्हणून ‘चेसिस वाकली आहे’ असा निकाल मी दिला नाही. ‘चेसिस वाकली असण्याचा संशय आता निम्म्याहून जास्त आहे’ एवढंच म्हणालो. जिगवर (चेसिस घट्ट बांधून मोजायच्या आणि सरळ करायच्या चौकटीवर) किंवा लेझरने मोजल्याशिवाय खात्री नाही, आणि त्यासाठी पुढचा सगळा भाग उतरवावा लागतो, म्हणजे आधी गाडी विकत घ्यावी लागते. पेच हाच होता. खरं उत्तर २२ भरल्यानंतरच मिळणार होतं.

म्हणून दोन्ही उत्तरं धरून हिशेब मांडला. त्याआधी दोन आकडे दुरुस्त केले. पहिला, दुरुस्त झालेली गाडी शंभरची राहत नाही. टोटल लॉसची नोंद किंवा इतिहास पुढच्या गिऱ्हाइकाला कळतोच. चौकशी केली तेव्हा अशा गाडीला ६५ ते ७० च्या पुढे कोणी जाईना. ६७ धरले. यावर मालकाचं उत्तर तयार होतं: “मला विकायचीच नाहीये.” ठीक. पण पुढच्या वेळी गाडी चोरीला गेली किंवा पुन्हा ठोकली तर विमा कंपनी कुठली किंमत धरेल? कित्येक कंपन्या अशा गाडीला पूर्ण विमा द्यायलाच कुरकुरतात. न विकणाऱ्यालाही हा कमीपणा कधी ना कधी भेटतो.

दुसरा आकडा मजुरीचा. शून्य म्हणजे त्याचे हात, आणि उजवा हात प्लास्टरमध्ये. प्लास्टर निघाल्यावरही टीचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळण्याइतकी ताकद यायला महिने जातात. तोवर यार्डाचं भाडं नाहीतर जागा शोधा. शिवाय अनपेक्षित खर्च आला: हेडपाइपपाशी ताणलेलं वायरिंग, एबीएसच्या चाकावरची वाकलेली दातेरी रिंग, चिरलेला इंजिन कव्हर. एस्टिमेटमध्ये न दिसलेली एक तरी गोष्ट निघतेच.

चेसिस सरळ निघाली तर: हातात ७४, त्यातून यादीचे ३२, मजुरी ४, अनपेक्षित ५. उरले ३३, आणि गाडी ६७ ची. एकूण १००. गाडी सोडून दिली तर हातात ९६. म्हणजे चारचा फायदा.

चेसिस वाकडी निघाली तर: ७४ मधून ३२, जिगवर सरळ करायचे ९, संपूर्ण गाडी सोलून पुन्हा जोडायची मजुरी ८, अनपेक्षित ९. उरले १६, गाडी ६७ ची, एकूण ८३. तेराचा तोटा. आणि हे पोलादी पाइपांची चेसिस आहे म्हणून. अ‍ॅल्युमिनियमची असती तर सरळ करण्याचा विषयच मी काढला नसता. वाकलेलं अ‍ॅल्युमिनियम परत वळवलं की चिरतं, आणि तापवलं की त्याला कारखान्यात दिलेली मजबुती निघून जाते. जुनी चेसिस आणून बदलणं कागदावर सोपं दिसतं, पण गाडीची ओळख चेसिस नंबरातच असते. परवानगी, तपासणी, नोंद बदलणं, आणि ती चेसिस आली कुठून याचा पुरावा, एवढं सगळं त्यामागून येतं.

चार मिळवण्यासाठी तेरा पणाला, आणि फासा आपल्या विरुद्ध झुकलेला. हे आकडे मांडले तेव्हा मालक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण हीच गाडी ना रे.”

या वाक्याला मी हसत नाही. माणसाने एखाद्या गाडीवर वर्षं काढलेली असतात, तिचा आवाज ओळखीचा असतो, कुठल्या वळणावर ती कशी वागते ते अंगात भिनलेलं असतं. त्याची किंमत धरायला हवी. पण ती वेगळ्या ओळीत लिहायची, शॉकअपच्या ओळीत घुसवायची नाही. या गाडीवरच्या मायेसाठी तेरा मोजायची तयारी आहे का, असा सरळ प्रश्न विचारला की उत्तरही सरळ येतं. मॉडेल दुर्मिळ असतं, पुन्हा मिळणारच नसतं, तर कदाचित हो म्हणाला असता आणि मीही मान डोलावली असती. ही गाडी तशी नव्हती.

जुन्या शॉकअपबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण त्याची ७ ची ओळ मला पहिल्यापासून खटकत होती. जुन्या पार्टच्या बाजारात पुढचे शॉकअप, पुढचं चाक आणि रेडिएटर नेहमी टंचाईत असतात. साधं कारण आहे: बहुतेक गाड्या पुढूनच ठोकल्या जातात, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं आणि मोडीत निघणाऱ्या गाड्यांत तेच गेलेलं असतं. चांगला संच हवा तर मागून धडक बसलेली किंवा इंजिन गेलेली गाडी शोधावी लागते. एरवी ‘सरळ आहेत’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा सरळ केलेलं असतं. वाकून परत वळवलेल्या नळीच्या क्रोमला डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात, सील खातात, आणि धातू एकदा थकलेला असतो. विकत घेताना नळी काढून व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवून डायल गेजने, म्हणजे बारीक वाक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने, पाहायची. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलांत तिची कमाल सूट ०.२ मिलिमीटर असते. गेज नसेल तर जाड सपाट काचेवर लोळवायची आणि खाली उजेड दिसतो का ते पाहायचं. चाकाला तुलनेने सैल मोजतात, साधारण २ मिलिमीटरपर्यंत, पण अलॉयला भेग असेल तर तो आकडा बघायचंही कारण नाही.

तिसरा मार्गही तपासला. परत घेणं आणि दुरुस्त करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. २२ ला घेऊन, नोंदणी रद्द करून, गाडी सुट्या भागांत विकता येते. इंजिन चालू होतं, मागचं चाक, चिमटा, सीट, सायलेन्सरचा डावा भाग सगळं नीट. कागदावर यातून २२ चे ४० होत होते. पण कधी? इंजिन पटकन जातं, उरलेले डबे वर्षभर जागा अडवतात, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी फोनवर भावाची घासाघीस. ज्याला हा धंदा आवडतो त्याने जरूर करावा. आमच्या मालकाला त्या कल्पनेनेच शिसारी आली. ही गाडी कापायची त्याची तयारी नव्हती.

शेवटी एक प्रयत्न केला. खालच्या पाइपांच्या भेगांचे फोटो आणि घेतलेली मापं जोडून विमा कंपनीला लिहिलं की परत घ्यायची किंमत २२ ऐवजी १० धरा. १० ला गाडी मिळाली असती तर वाकड्या चेसिसचा तोटा एकवर आला असता आणि सरळ निघाली तर सोळा सुटले असते. तो जुगार खेळण्यासारखा होता. कंपनीने नकार दिला. बोली २२ ची आलेली आहे, तेवढे देणारा उभा आहे, मग कमी का करू? त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. बोली लावणाऱ्याला बहुधा इंजिनच हवं असणार. त्याला चेसिसशी कर्तव्य नव्हतं, म्हणून त्याला २२ परवडत होते आणि आम्हाला नाही.

मालकाने ९६ घेतले. गाडी सोडण्याआधी स्वतः बसवलेल्या वस्तू उतरवून घ्यायची लेखी परवानगी मागितली: सामानाचं कॅरिअर, क्रॅश गार्ड, जादा दिवे, बनवून घेतलेली सीट. यातलं काहीच पॉलिसीत धरलेलं नव्हतं, त्यामुळे हरकत आली नाही. मूळ सीट परत बसवून दिली. क्रॅश गार्ड उजवीकडून चेपला होता, तो तिथेच सोडला. गाडी देताना मीटरचा आकडा, दोन्ही चाव्या, गाडीची स्थिती आणि तारीख कागदावर लिहून सही घेतली. नोंदणी खात्यालाही त्याने स्वतः वेगळं पत्र दिलं आणि पोच घेतली. विमा कंपनी कळवेल या भरवशावर ते सोडायचं नसतं. उद्या त्या चेसिस नंबरवर कोणी दुसरीच गाडी उभी केली, तर पहिला फोन जुन्या मालकाला येतो.